पहिली भाकर

शिक्षण माणसाला वाचवते.

हे वाक्य माझ्या वडिलांचे. ते अमरावतीला एका शाळेचे मुख्याध्यापक होते, एम.ए., बी.एड., आणि या वाक्यानंतर ते नेहमी टाळ्यांपुरते थांबत. टाळ्या पडत. मग शाल, नारळ आणि पेढ्यांचा पुडा. बाबांना मधुमेह होता. स्वादुपिंडाची आकृती ते फळ्यावर खडू न उचलता काढत; पण सत्काराचा पेढा नाकारणे म्हणजे आयोजकांचा अपमान, असे त्यांचे मत होते, आणि त्यांच्या हातून कुठल्याही आयोजकाचा अपमान झाल्याचे मला आठवत नाही.

निवृत्तीनंतर सत्कार वाढले. ती कापसाची वाईट वर्षे होती. पाऊस यायचा तेव्हा बियाणे नसायचे आणि बियाणे टाकले की पाऊस नसायचा. गावोगाव गाड्या फिरत. पथके येत, समित्या येत, मार्गदर्शन शिबिरे भरत, आणि शिबिर म्हटले की वक्ता लागतो. त्या वर्षांत वऱ्हाडात पिकापेक्षा फॉर्म जास्त आले. ज्या घरातला माणूस गेला त्या घरी फॉर्म, ज्या घरातला नाही गेला त्याही घरी फॉर्म. आणि प्रत्येक फॉर्मवर नाव आणि वय झाले की एक रकाना: शिक्षण.

माझ्या आत्याला त्या रकान्याचा राग होता.

आत्या बाबांहून सहा वर्षांनी मोठी. दर्यापूरच्या पुढे, फाट्यावरून आत चालत जावे लागे अशा गावात तिला दिली होती. शाळेत ती गेली होती, पण दुसरीतच घरी बसवली, कारण घरात एक लहान मूल होते आणि आजी वावरात जायची. ते मूल म्हणजे बाबा. आत्या का शिकली नाही या प्रश्नाचे उत्तर अशा रीतीने पुष्कळ दिवस तिच्याच कडेवर बसून होते. ती हे तक्रार म्हणून सांगत नसे. बाबांचे भाषण असले की मात्र सांगे.

तिलाही मधुमेह निघाला. आमच्याकडे त्याला ‘शुगर’ म्हणतात, आणि ‘त्याले शुगर लागली’ हे साधारण नोकरी लागल्याच्या सुरात सांगतात. बाबांनी ते प्रकरण मनावर घेतले. अमरावतीला नेऊन तिला तपासून आणले. डॉक्टरांनी जी गोळी दिली ती नेमकी बाबांचीच निघाली: रोज एक, दुपारच्या जेवणाआधी अर्धा तास. बाबांना आनंद झाला. बहीणभावाला एकच गोळी, यात त्यांना काहीतरी सुंदर वाटले असावे.

अडचण एवढीच की आत्याला घड्याळ कळत नव्हते. बाबांनी आयुष्यभर मठ्ठ मुलांना त्रैराशिक शिकवले होते. ते इथे अडणार नव्हते. त्यांनी गावी दोन दिवस राहून निरीक्षण केले आणि उपाय काढला. साडेअकराला फाट्यावर दर्यापूरची एस.टी. येई आणि वळणावर हॉर्न देई. तो हॉर्न आत्याच्या ओसरीपर्यंत स्वच्छ ऐकू येई. घरात पाने बाराला मांडली जात. तेव्हा ठरले: हॉर्न वाजला की गोळी.

पुढे प्रत्येक शिबिरात हे उदाहरण आले. “निरक्षरतेवर कल्पकतेने मात करता येते,” असे ते म्हणत आणि टाळ्यांपुरते थांबत. गाडी वेळेवर यायची, हेही सांगायला हवे. पुढे जे झाले त्यात दोष गाडीचा नव्हता.

माझी नोकरी तेव्हा अकोल्याला, एका कॉलेजच्या ग्रंथालयात. जुन्या शहरात, मोर्णा नदीच्या पलीकडे, दोन खोल्या भाड्याने घेतल्या होत्या. एका जानेवारीत दुपारी मी जेवणाच्या सुट्टीत घरी आले तर दाराशी आत्या बसलेली, बाजूला तिचा मुलगा, आणि आत्याच्या उजव्या पायाला जुन्या लुगड्याची पट्टी.

“काही नाही वं,” ती म्हणाली. “पऱ्हाटीचा खुंट लागला.”

कापूस वेचून झाला की शेतात पऱ्हाटीची वाळलेली झाडे उभी राहतात. ती कापली की जमिनीत टोकदार खुंट उरतात. त्यातला एक तिच्या तळव्यात गेला होता. तिला कळलेही नाही. ती तशीच घरी आली, स्वयंपाक केला, आणि सुनेने सारवलेल्या जमिनीवर लाल ठसे पाहिले तेव्हा आधी सगळ्यांनी घरात मांजर कुठे जखमी झाली म्हणून शोधाशोध केली. या गोष्टीला तीन आठवडे झाले होते. हळद झाली होती, तेल झाले होते. मी पट्टी सोडली आणि पुन्हा बांधली. मग कॉलेजला निरोप पाठवला आणि बाबांना फोन केला. ते संध्याकाळच्या गाडीने आले.

दुसऱ्या दिवशी आम्ही दवाखान्यात गेलो. खिडकीतल्या बाईने केसपेपर काढायला घेतला.

“नाव? वय? ... शिक्षण?”

आत्याने बाबांकडे बोट केले. “याले इचार. माह्या वाटचं बी यानंच शिकलं.”

खिडकीतली बाई हसली आणि तिने लिहिले: निरक्षर. बाबा हसले नाहीत; त्यांना हे माइकशिवाय ऐकायची सवय नव्हती.

डॉक्टर तरुण होते, थकलेले होते, आणि बाहेर बाकावर चाळीस माणसे होती. त्यांनी पाय पाहिला, साखर पाहिली, आणि विचारले, “आजी, गोळ्या घेता का?”

“घेतो ना,” आत्या म्हणाली.

“खरं सांगा.”

आत्याने पदर तोंडाला लावला. तिच्या मुलाने खाली बघत सांगितले की दीड वर्ष झाले, ती गोळ्या घेत नाही. मोहरीच्या डब्यात टाकते.

डॉक्टर बाबांकडे वळले. एका शिकलेल्या माणसाने दुसऱ्या शिकलेल्या माणसाशी बोलावे तसे, थोडा आवाज खाली आणून म्हणाले, “सर, तुम्हाला सांगायला नको. ही अडाणी माणसं ऐकतच नाहीत. आपण कितीही सांगा.”

बाबांनी मान डोलावली.

मी ते पाहिले. आत्यानेही पाहिले. ती भिंतीवरच्या तक्त्याकडे बघू लागली. त्यावर सफरचंद आणि दुधी भोपळा यांची रंगीत चित्रे होती.

डॉक्टर म्हणाले, आठ दिवस रोज पट्टी बदलायला या. इंजेक्शन देऊ. गोळी आजपासून पुन्हा सुरू. साखर खाली आली नाही तर जखम भरणार नाही, आणि भरली नाही तर पाय घोट्यापासून काढावा लागेल. हे त्यांनी वाईट सुरात सांगितले नाही. चाळीस माणसे बाहेर असलेल्या सुरात सांगितले.

आत्याचा मुलगा वावरात काम राहिले म्हणून परत गेला. आठ दिवस माझ्या दोन खोल्यांत आम्ही तिघे राहिलो.

पहिल्याच दुपारी पेच पडला. बाबांनी साडेअकराला घड्याळ पाहून तळहातावर गोळी ठेवली, दुसऱ्या हातात पाणी. आत्या खाटेवर पाय लांब करून बसली होती. तिने तोंड फिरवले.

“मले सोसत नाई ते.”

“बाई, पाय जाईल.” बाबा तिला बाई म्हणत.

“जाऊ दे. एक पाय गेला त बसून निवडन करीन. ते भोवळ नाई पायजे मले. अंगाले पानी सुटते, हात कापते, डोयापुढं अंधार येते. वावरात पडली मी तीनदा. बाया म्हने, म्हातारीले वारं लागलं.”

“मग मला का नाही सांगितलंस? दर वेळी विचारलं तर ‘घेतो ना’!”

“तुले वाईट वाटलं असतं,” आत्या म्हणाली. “तू भाषनात सांगत होता गा, गाडीचं.”

बाबा गोळी हातात घेऊन उभे राहिले. त्यांच्याजवळ मधुमेहावरची तीन पुस्तके होती, त्यातली दोन मीच ग्रंथालयातून काढून दिलेली, आणि त्यांतल्या कुठल्याच प्रकरणात रुग्ण वक्त्याच्या मनाची काळजी घेत असल्याचा उल्लेख नव्हता. त्यांनी समजावले. मग रागावले. मग लहानपणची शपथ घातली. आत्या ढिम्म हलली नाही. तिला बळजबरीने गोळी देता आली असती तर ती बाबांची मोठी बहीण कसली.

या आरड्याओरड्यात शेजारची खाला आली. शेजारच्या घरात ती शिवणकाम करायची; सगळी गल्ली तिला खाला, म्हणजे मावशी म्हणे, म्हणून मीही म्हणे. उर्दू शाळेत चौथीपर्यंत शिकलेली. हातात कुणाचे तरी ब्लाउज होते, त्याला हुक लावायचे चालले होते. ती उंबऱ्यात बसली, सुई चालूच.

“सर काहून ओरडून रायले? गल्लीत वाटलं शाळा भरली.”

मी थोडक्यात सांगितले. खालाने सुई थांबवली.

“आपा,” ती आत्याला म्हणाली, “एक सांगा मले. तुमी खाता कवा?”

“आमचं काय बाप्पा. सगळ्यायचं झालं की.”

“मंग कवा?”

“दोन. अडीच वाजले म्हनते पोरं. कापसाच्या दिवसात वावरात शिदोरी नेतो, वेचनाऱ्या बायायचं झालं का मंग. तीन बी वाजते.”

“अन् गोळी?”

“साडेअकराच्या गाडीले,” आत्या म्हणाली. तिच्या आवाजात पहिल्यांदाच थोडा अभिमान आला. “भावानं सांगितलं तसं. गाडी चुकली नाई कधी, अन् मी बी चुकली नाई.”

खालाने बोटांवर हिशेब केला. “साडेअकरा ते अडीच. तीन घंटे! या अल्ला. गोळीचा काय कसूर? तिले पोटात काई सापडलं नाई, तिनं तुमालेच खाल्लं.”

बाबांनी चष्मा काढला. तोंडी परीक्षेत विद्यार्थ्याला विचारावे तसे त्यांनी विचारले, “तुम्हाला हे कसं माहीत?”

“मले बी शुगर हाये, सर. पह्यल्या साली रमजानमधी मी मशीनवरच पडली. मंग डॉक्टरले धरून बसली, सेहरीले कोन्ती घेऊ, इफ्तारले कोन्ती, का घेऊच नको. डॉक्टर चिडले, पन मी उठलीच नाई. ज्याची जेवनाची वेळ महिनाभर उलटी होते त्याले समजते न. गोळी घड्याळावर नाई चालत. ताटावर चालते.”

तिने दोऱ्याची गाठ दातांनी तोडली.

बाबा स्टुलावर बसले. ते आत्याशी बोलत होते, पण बघत होते स्वतःच्या तळहातावरच्या गोळीकडे. “पण तुझ्याकडे जेवण बाराला असतं. मी स्वतः पाहिलं. मी आलो की दर वेळी बाराला जेवलो.”

“तू जेवला,” आत्या म्हणाली.

मला आमचे अमरावतीचे घर आठवले. तिथेही बाराला पाने मांडली जात; एक पान बाबांचे, आणि शाळा नसली की माझे. आई वाढायची. आई वारण्याआधीची तीसेक वर्षे मी त्या घरात येऊन-जाऊन तिला पाहिले, आणि आई किती वाजता जेवायची हे मला आज विचारले तर सांगता येणार नाही. तिला शुगर नव्हती, म्हणून हा प्रश्न कुणाला पडला नाही.

“बाई,” बाबा म्हणाले, “मी तुला जेवताना कधी पाहिलंच नाही.”

“त्यात काय पाह्यचं?” आत्या म्हणाली. “मी का सर्कस आहो?”

त्या दिवशी खालाने तिच्या घरून डाळ आणली, मी भाकरी टाकायला घेतल्या. खालाने नियम घालून दिला, उभ्या उभ्या, ब्लाउजच्या बाह्या उलटवत: “पीठ मळायले घेतलं का आपाची गोळी. अन् तव्यावरची पह्यली भाकर आपाची. मधी कोनी येऊ द्यायचं नाई. देव आला तरी.” ना घड्याळ, ना गाडी.

आत्याने गोळी घेतली, ती बहुधा खालाच्या भिडेने. पण भाकरी ताटात पडल्यावर ती हलेना.

“आधी त्याले वाढ.”

“मी नाही जेवणार,” बाबा म्हणाले. “तुझं झाल्यावर.”

“माणूस उपाशी बसला अन् मी खाऊ? येडा झाला का?”

“मी बसलोय.”

“त मी बी बसली.”

भाकरीवरची वाफ गेली. बासष्ट वर्षांचा मुख्याध्यापक आणि अडुसष्ट वर्षांची त्याची बहीण समोरासमोर बसून एकमेकांना जेवायला लावत होते, आणि इकडे गोळी पोटात गेलेली होती. खालाने दोघांकडे आळीपाळीने पाहिले आणि म्हणाली, “मी जाते. मयताले बोलवा मले, दोघायच्या एकाच येळी.”

आत्या हसली. मग तिने पदर पुढे ओढला, आमच्याकडे पाठ केली आणि भिंतीकडे तोंड करून जेवायला बसली. चोरी करावी तशी.

बाबा तिच्याकडे पाहत होते. मीही. ती भाकरीची कड तोडून तोडून खात होती, गोल फिरवत. कड संपली. मधला मऊ, फुगलेला भाग तिने ताटाच्या बाजूला ठेवला.

“तो का ठेवला?” बाबांनी विचारले.

तिने मान वळवली. तिला प्रश्न कळला नव्हता. “राहू दे न. कोनी मांगितली त.”

बाबा उठून अंगणात गेले. नळाला तेव्हा पाणी नव्हते, पण ते बराच वेळ नळाशी उभे होते.

त्यानंतरच्या आठ दिवसांत दोन गोष्टी झाल्या. आत्याला एकदाही भोवळ आली नाही, आणि चौथ्या दिवशी बाबांनी दवाखान्यात भाषण केले. त्यांच्या आयुष्यातले सगळ्यात लहान भाषण ते असावे. पट्टी बदलून झाल्यावर आत्या बाहेर गेली, तेव्हा ते टेबलापाशी थांबले आणि म्हणाले, “डॉक्टरसाहेब, त्या दिवशी मी मान डोलावली. ती परत घेतो. माझ्या बहिणीनं ऐकलं होतं. तंतोतंत ऐकलं होतं. सांगण्यात चूक होती, आणि सांगणारा मी होतो.” मग त्यांनी गाडीचे, बाराच्या पानाचे आणि अडीचच्या जेवणाचे सगळे सांगितले.

टाळ्यांसाठी ते थांबले नाहीत. डॉक्टरांनी पेन खाली ठेवले. त्यांनी पुढच्या पेशंटला बोलावले. ती बाळापूरकडची एक बाई होती, पंचेचाळिशीची. तिचा कागद बघून त्यांनी लिहायला पेन उचलले, आणि मग, आम्ही दारात असतानाच, विचारले, “तुम्ही दुपारी किती वाजता जेवता?”

“सगळ्यायचं झाल्यावर,” ती बाई म्हणाली.

डॉक्टरांनी दाराकडे पाहिले. आम्ही निघालो.

साखर उतरत गेली, पण जखमेने अर्धेच ऐकले. पायाची दोन बोटे काढावी लागली. पाय राहिला. शस्त्रक्रियेनंतर आत्याने पहिला प्रश्न विचारला की चपलेत अडकवायचा पायाचा अंगठा आहे ना. तो होता. “मंग चप्पल राह्यते,” ती म्हणाली आणि झोपली. बाबा खाटेशी बसून होते. शस्त्रक्रियेआधीच्या त्या आठ दिवसांत ते रोज तिचा पाय कोमट पाण्याने धूत, बोटांच्या मधून फडक्याने पुसत, उजेडाकडे तळवा करून बघत. पहिल्या दिवशी तिने पाय ओढून घेतला होता. धाकट्या भावाने पायाला हात लावायचा म्हणजे काय. शेवटी शेवटी ती नुसती सूचना देई: “तिकडून राह्यलं. शाळेत फळा असाच पुसत होता का?”

मी पुस्तकांच्या सहवासात नोकरी केली आहे, तेव्हा इथे भावुक होऊन खोटे बोलणार नाही. शिकलेल्या माणसाचा मधुमेह आणि न शिकलेल्या माणसाचा मधुमेह हे दोन वेगळे आजार आहेत. मी तो एकाच रक्ताच्या दोन माणसांत पाहिला. बाबा डॉक्टरांना उलट प्रश्न विचारत. आत्या ‘हो’ म्हणे. बाबा गोळीच्या पाकिटावरची तारीख वाचत. बाबांच्या पायात बूट असत, पायाखाली फरशी असे. बाबांचे डोळे, बाबांचे पाय शेवटपर्यंत शाबूत राहिले, इतके पेढे खाऊनही. शिक्षणाने हे सगळे दिले, आणि हे कमी नाही. फक्त त्या शिक्षणात एक विषय असा होता जो कुठल्या गुणपत्रिकेत दिसत नाही: बाबांचे पान रोज बाराला कुणीतरी मांडत होते. आत्याला वाचता येत नव्हते हे खरे. पण वाचता आले असते तरी त्या घरात तिला अडीचलाच जेवावे लागले असते. तेवढ्या एका बाबतीत ती आणि माझी मॅट्रिक झालेली आई एकाच वर्गात होत्या.

आत्या गावी परतली तेव्हा बाबा सोबत गेले आणि चार दिवस राहिले. खालाचा नियम तिथे लावणे सोपे नव्हते. तिच्याकडे पहिली भाकर गाईची, मग घरधन्याची, मग मुलाची, मग पोरांची. आत्या सासू झाली तरी तिची जागा बदलली नव्हती, कारण सुनेने एकटीने शेवटी जेवायचे हे तिला बरे वाटत नसे. मग दोघी शेवटी जेवत. बाबांनी आत्याच्या यजमानांना समोर बसवून समजावले. त्यांनी सगळे ऐकून घेतले, तंबाखू मळली आणि म्हणाले, “खाऊ दे न बाप्पा. मी का हात धरला तिचा? तिनं कधी सांगितलंच नाई.” यावर आत्या स्वयंपाकघरातून म्हणाली, “तुमी कधी इचारलंच नाई.” एवढ्यावर ते प्रकरण मिटले. घरांतली मोठी भांडणे बहुधा इतकीच मोठी असतात.

गावाने मात्र थोडे दिवस करमणूक करून घेतली. बाया पाण्याला जाताना ओसरीत डोकावत आणि विचारत, “झालं का वं तुह्यं जेवन? माणसं अजून उपाशी हायेत म्हने.” आत्या भिंतीकडे तोंड करूनच उत्तर देई, “झालं. तुह्यं कवा होते?” काही दिवसांनी सूनही तिच्याबरोबर जेवायला बसू लागली. ते कुणी ठरवले नव्हते. म्हातारी भिंतीशी एकटी बसते हे सुनेला बरे दिसेना.

वर्षभराने त्याच गावात आरोग्य शिबिर झाले. मंडप, खुर्च्या, दोन कर्णे, आणि व्यासपीठ केलेल्या ओट्यामागे गावजेवण: निखाऱ्यावर भाजायचे कणकेचे रोडगे आणि वांग्याची भाजी. प्रमुख पाहुणे जिल्ह्याच्या गावाहून यायचे होते, म्हणून कार्यक्रम अकराऐवजी बाराला सुरू झाला, तोही त्यांच्याशिवाय. प्रमुख वक्ते बाबा. मी अकोल्याहून गेले होते आणि आत्याशेजारी पहिल्या रांगेत बसले होते. तिच्या पायात मऊ तळाची नवी चप्पल होती, अंगठ्याची. ओट्यामागे रोडग्यांची कणीक मळायला घेतलेली दिसत होती. तिने ती पाहिली, कनवटीची पुडी सोडली आणि गोळी तोंडात टाकली.

बाबांनी माइक हातात घेतला. मला वाटले होते, आता ते वेगळे काही म्हणतील. अकोल्याच्या त्या आठ दिवसांनंतर त्यांनी पेढे सोडले होते. आयोजकांचे नारळ ते अजून घेत. त्यांनी घसा साफ केला, गावाकडे पाहिले, आत्याकडे पाहिले.

“शिक्षण माणसाला वाचवते,” बाबा म्हणाले, आणि टाळ्यांपुरते थांबले.

टाळ्या पडल्या. त्या टाळ्यांतच आत्या उठली. पहिल्या रांगेतून, सगळ्यांच्या समोरून, एका पायावर थोडा भार देत ती मंडपाच्या मागे चुलीकडे गेली. बाबांनी बोलता बोलता मान वळवून तिला जाताना पाहिले आणि एक वाक्य विसरले. मग त्यांना दुसरे सापडले.

पाहुणे दीड वाजता आले. भाषणे अडीचपर्यंत चालली. पहिला रोडगा आत्याने साडेबारालाच खाल्ला होता, मधल्या मऊ भागासकट.